लिटरची नावे (श्वानपैदास)

एकाच वेतातील, म्हणजे लिटरमधील, पिल्लांना वंशनोंदीसाठी नावे देण्याची ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्या, लोकांची रीत. जातिवंत कुत्र्याला बहुधा दोन नावे असतात. एक वंशावळीच्या कागदावरचे, दुसरे घरात हाक मारायचे. ब्रीडरचा हक्क पहिल्यावर. दुसरे पिल्लू नेणारे कुटुंब ठरवते, आणि कुत्रा ओळखतो ते हेच.

हाकेच्या नावाचा विचार फार जुना आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफोन याने शिकारीवरच्या ग्रंथात नावे आखूड ठेवा, म्हणजे हाक मारणे सोपे जाते, असे सांगून ४७ नावांची यादीच दिली आहे. रोमन शेतीलेखक कोलुमेला म्हणतो, नाव लांबलचक नको, पण दोन अक्षरांहून तोकडेही नको. मोती, वाघ्या, राजा, टिप्या ही आपल्याकडची नावे या कसोटीला आपसूक उतरतात.

कागदावरचे नाव आले ते नोंदवहीच्या गरजेतून. ब्रिटनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशनोंदवही तयार होऊ लागली. एकाच नावाची अनेक कुत्री असली तर कोण कुणाचा बाप हे कसे कळायचे? म्हणून १८८० मध्ये क्लबने प्रत्येक नाव नोंदवून घेण्याची पद्धत आणली. सुरुवातीला तिला बराच विरोध झाला. पुढे नावाला केनेलचे, म्हणजे ब्रीडरच्या पैदासगृहाचे, नाव जोडण्याची चाल रूढ झाली. ते एक प्रकारे कुत्र्याचे आडनावच. जर्मन शेफर्डच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर असलेला होरांड फॉन ग्राफ्राथ आधी हेक्टर लिंक्सराईन होता. या जातीचा जनक मानल्या जाणाऱ्या माक्स फॉन श्टेफानित्सने १८९९ मध्ये त्याला विकत घेतले आणि नाव बदलून आपल्या केनेलचे आडनाव लावले.

जर्मन ब्रीडर लिटरला अक्षर देतात. केनेलमधले पहिले वेत ‘आ-वुर्फ’ (‘ए’चे वेत), दुसरे ‘बे-वुर्फ’ (‘बी’चे), आणि त्या वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावे त्याच अक्षराने सुरू होतात. त्यामुळे नुसत्या आद्याक्षरावरून केनेलचे हे कितवे वेत आहे याचा अंदाज येतो, आणि सख्खी भावंडेही ओळखू येतात.

फ्रान्समध्ये अक्षर केनेलचे नसून वर्षाचे असते. त्या वर्षी जन्मलेल्या, वंशनोंद होणाऱ्या साऱ्या पिल्लांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात. के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड ही अक्षरे १९७३ पासून वगळली आहेत, कारण त्यांवरून फ्रेंच नावे सापडणे कठीण. उरली वीस. २००५ ला ए होते, २०२४ ला व्ही, आणि २०२५ ला पुन्हा ए. चक्र वीस वर्षांचे, आणि इतकी वर्षे जगणारा कुत्रा विरळाच, त्यामुळे नावावरून वय सांगताना घोटाळा होत नाही. आपल्याकडे बाळाला नक्षत्राच्या चरणावरून अक्षर मिळते. इथे निदान निवडीला वाव असतो. २०२३ मध्ये ‘यू’ वाट्याला आलेल्या फ्रेंच ब्रीडरांची दया येते.

अमेरिकेत अक्षराची सक्ती नाही, मर्यादा आहे ती लांबीची. अमेरिकन केनेल क्लबची नेहमीची मर्यादा ३६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. ‘चॅम्पियन’ हा शब्द नावात चालत नाही, कारण तो किताब मिळवायचा असतो. एका जातीत एकच नाव ३७ कुत्र्यांपर्यंत देता येते. त्यांना वेगळे ओळखण्यासाठी क्लब रोमन अंक जोडतो. या मोकळिकीमुळे तिथे ‘थीम’ लिटर फोफावले आहेत. एक वेत मसाल्यांचे, एक नद्यांचे, एक चीजचे. शब्दांचे खेळही भरपूर. २०२२ चा वेस्टमिन्स्टर हा अमेरिकेतला नामांकित डॉग शो जिंकणारा ब्लडहाउंड घरी ट्रम्पेट, तर कागदावर ‘फ्लेसनर्स टूट माय ओन हॉर्न’, म्हणजे आपलीच तुतारी फुंकणारा.

कामाच्या कुत्र्यांत अशा हौसेला जागा कमी. अंधांसाठी कुत्री तयार करणारी न्यू जर्सीची ‘द सीइंग आय’ संस्था लिटरला एक अक्षर देते आणि सेवेत असलेल्या दोन कुत्र्यांचे नाव सारखे येऊ देत नाही. टेक्सासमधील लॅकलँड तळावर अमेरिकी सैन्यासाठी जन्मलेल्या पिल्लांच्या नावात पहिले अक्षर दोनदा लिहितात, टोबीमध्ये दोन ‘टी’ अशा रीतीने. उच्चार तोच राहतो, पण कागद पाहताच कुत्रा बाहेरून घेतलेला नाही, तळावरच जन्मला, हे कळते.

कागदी नाव ठरेपर्यंत पिल्ले गळ्यातल्या रंगीत फितींवरून ओळखली जातात: लाल, निळी, हिरवी. तेव्हा नावाने हाक मारून उपयोगही नसतो. जन्मतः त्यांचे कान बंद असतात, आणि ऐकू येऊ लागते ते साधारण तिसऱ्या आठवड्यात.

भारतात वंशनोंद चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे होते; बोलण्यात ‘केसीआय पेपर’. पुण्या-मुंबईत पिल्लू घेताना ‘पेपर आहेत का?’ हा प्रश्न हमखास येतो. मग ते पेपर बहुधा लसीकरणाच्या कार्डासोबत फाइलमध्ये पडून राहतात आणि त्यावरचे भारदस्त नाव कुणी वाचतही नाही. घरात ब्रुनो किंवा शेरू झालेल्या कुत्र्याचे ते नाव बाहेर निघते शोची प्रवेशिका भरताना, किंवा त्याच्या स्वतःच्या पिल्लांच्या कागदावर वडिलांच्या रकान्यात.