कडेपठार की कऱ्हेपठार? जेजुरीच्या वरच्या देवळाची पार्श्वभूमी

जेजुरीला गेलेले बहुतेक लोक गड चढतात, भंडारा उधळतात आणि खाली येऊन जेवायला बसतात. त्याच गडामागे अजून उंच डोंगर आहे, तिथे खंडोबाचं जुनं ठाणं आहे, हे निम्म्यांना घरी गेल्यावर कळतं. तेच कडेपठार, गावातले लोक त्याला जुना गड पण म्हणतात.

देव खाली का आला, त्याची गोष्ट घरोघरी एकच, म्हातारपणी भक्ताला डोंगर चढवेना म्हणून देवच उतरला. खालचं पहिलं देऊळ साधारण १६०८ चं धरतात, १६३७ ला एका स्थानिक सरदाराने सभामंडप वगैरे केला, पुढे १७४२ पासून होळकरांचं काम, तट आणि तलाव पूर्ण व्हायला १७७० उजाडलं. म्हणजे पैसा, दगड, चिरे सगळं खालच्या गडावर, आणि वरचा डोंगर तसाच राहिला.

आता नावाचा गुंता. कोणी कडेपठार लिहितं, कोणी कऱ्हेपठार, आणि दोघंही ठासून सांगतात की आपलंच बरोबर. कऱ्हेपठार म्हणजे खरं तर कऱ्हा नदीच्या आजूबाजूचा अख्खा मुलूख, सासवड वगैरे धरून, जुन्या कागदांत तर्फ कऱ्हेपठार असं येतं ते महसुली विभागाचं नाव, तर्फ म्हणजे गावांचा गट. कऱ्हा म्हणजे पाण्याचं भांडं, ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि नदी झाली अशी कथा. देऊळ या मुलखातच असल्यामुळे कऱ्हेपठारचा देव म्हटलं तर चूक कशी म्हणणार? पण कडेपठार हे त्या एका डोंगराचं नाव, कड्यावरचं पठार, एकदा वर जाऊन उभं राहिलं की वाद घालायची गरज उरत नाही. माझं मत कडेपठारच, आणि मुलखाचं नाव देवळाला चिकटवायची सवय नंतरची असावी असं वाटतं. त्यात पोथीवाले पूर्ण जागेला जयाद्री म्हणतात, तो तिसरा घोळ, तो इथे नको.

अलीकडे बातम्यांत जे येतं ते परत गडाचंच. साडेतीनशे कोटींच्या घरातला विकास आराखडा आला, २०२३ ला विश्वस्त नेमले त्यात बहुतेक बाहेरगावचे निघाले म्हणून गाव रस्त्यावर बसलं, मग संख्या वाढवून गावातले घेतले. गावाचा राग रास्तच होता म्हणा. पठाराचा ट्रस्ट वेगळा असल्यामुळे या सगळ्यात वरचा देव कुणाच्या तोंडी फारसा आलाच नाही.

सोमवतीला पालखी गडावरून कऱ्हेवर जाते, ते सगळ्यांना माहीत असतं. दसऱ्याला मात्र रात्री उशिरा दोन पालख्या निघतात, एक गडाची, एक कडेपठारची, आणि मधल्या दरीत रमणा नावाच्या जागी त्यांची भेट होते. त्या रात्री जुना देव निम्मी वाट खाली येतो आणि नवा निम्मी वर जातो.