अमेरिकेतले रस्ते स्वतःचा खर्च स्वतः भागवतात?

अमेरिकेत रेल्वेच्या खर्चावरून वाद पेटला की एक वाक्य हमखास फिरतं: ‘रस्ते पेट्रोलच्या करावर चालतात, रेल्वे मात्र अनुदानावर जगते.’ केंद्राच्या महामार्गांपुरतं हे एकेकाळी बरंचसं खरं होतं, म्हणून पटतंही.

पण केंद्राचा पेट्रोलकर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटच आहे. हिशोब करून पाहा. गाडी वर्षाला १२,००० मैल धावली आणि गॅलनला २५ मैल पडले, तर ४८० गॅलन लागतात. कर जेमतेम ८८ डॉलर. (राज्यांचा कर वेगळा.) डांबर-सिमेंट काही १९९३ च्या भावात मिळत नाही! म्हणून केंद्राचा पेट्रोलकर ज्यात जमा होतो, त्या महामार्ग निधीत २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार भर घालावी लागली. निधीच्या जमाखर्चात जमेची बाजू उघडलीत, तर ही रक्कम वेगळी दिसते.

रेल्वेला अनुदान मिळतं, हा अर्धा भाग मात्र खरा.