‘तू कोण सांगणारा?’ : तर्कदोषांच्या यादीची थोडी पार्श्वभूमी

हल्ली गावचा ग्रुप असो की फेसबुक, दोघं भांडायला लागले की तिसरा मधेच टपकतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, ही स्ट्रॉमॅन फॅलसी आहे (समोरचा बोललाच नाही ते खोडणं), हे व्हॉटअबाउटरी झालं (‘मग त्यांचं काय?’ म्हणून विषय टाळणं), वगैरे. नावं आता पोरांना पाठ आहेत त्यामुळे जास्त व्याख्या देत बसत नाही. तर्कातल्या अशा चुकांची ही यादी आली कुठून आणि तिच्यातला एक दोष, मुद्दा सोडून माणसावर घसरण्याचा, एवढा गोंधळाचा का झाला एवढंच बघू, कारण आपल्या खान्देशातले अलीकडचे मोठे वाद बघितले तर माझ्या मते सगळा गुंता तिथेच होतो.

जुना भाग थोडक्यात. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत, म्हणजे खरं शोधायला बोलणं, जिंकायला बोलणं आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं पाडत राहणं. तिसरा प्रकार कुठे बघायला मिळतो ते सांगायला नको. त्याशिवाय पाच हेत्वाभास (फसवी कारणं), तीन छल (शब्दाचा अर्थ फिरवणं), 24 जाती (पोकळ प्रत्युत्तरं), 22 निग्रहस्थानं (जिथे माणूस वाद हरला असं धरतात) अशी भलीमोठी मोजदाद आहे. छलाचं उदाहरण तर आजही कुठल्याही पारावर चालेल, एखाद्याला नव कांबळंवाला म्हटलं, म्हणजे नवीन कांबळं असलेला, तर समोरचा विचारतो नऊ कुठायत, एकच तर दिसतंय. तिकडे ग्रीकांनी 13 दोष मोजले, सहा भाषेमुळे होणारे आणि सात भाषेबाहेरचे.

आपल्याकडचा एक धागा चाळीसगावजवळ पाटणला आहे. पाटणादेवीच्या देवळातला शके 1128 च्या सुमाराचा, म्हणजे 1206-07 च्या आसपासचा शिलालेख भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाबद्दल आहे. लोक तिथे गणिताचं गाव म्हणून जातात. पण त्याच लेखात भास्कराचार्यांच्या मुलाला तार्किकचक्रवर्ती म्हटलंय, आणि तो सगळ्या शास्त्रांत पारंगत आहे म्हणून राजाने त्याला पाटणहून बोलावून नेलं असंही आहे. म्हणजे वादात तरबेज असणं ही आठशे वर्षांपूर्वी इथे नोकरी मिळवून देणारी गोष्ट होती, आता ग्रुपमधून काढून टाकतात.

आता मेन मुद्दा. माणसावर घसरणं हा दोष आहे असं आपण धरूनच चालतो, पण 1690 च्या सुमाराला एका इंग्रज तत्त्ववेत्त्याने हा प्रकार नोंदवला तेव्हा त्याचा अर्थ शिवीगाळ असा नव्हताच. त्याच्या लेखी तो म्हणजे समोरच्याने आधी जे मान्य केलंय त्यावरूनच त्याला कोंडीत पकडणं. तू स्वतःच म्हणाला होतास ना की पाणी पाळीनेच द्यायचं, मग आता तुझ्या शेताला जादा का, असं. यात गैर काही नाही, फक्त त्यातून ‘पाळीनेच पाणी द्यावं’ हे सिद्ध होत नाही, एवढंच सिद्ध होतं की त्या माणसाचं बोलणं एकमेकाशी जुळत नाही. पुढे पाठ्यपुस्तकं निघत गेली तसतसा अर्थ सरकत सरकत चारित्र्यावर शिंतोडे उडवण्यावर येऊन ठेपला. 1970 साली एका ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने तर सरळ दाखवून दिलं की तर्कशास्त्राची पुस्तकं दोषांचा हा चॅप्टर एकमेकांवरून उतरवत आलीत, त्यामागे धड सिद्धांत असा कुणाकडेच नाही. तरी इंटरनेटवर जी पोस्टरं फिरतात ती त्याच उतरवलेल्या यादीची, आणि त्यावर एकच ओळ असते, माणूस बघू नका, मुद्दा बघा.

न्यायसूत्रवाल्यांनी मात्र बोलणारा कोण याला आधीपासूनच जागा ठेवली होती. विश्वासू माणसाचा शब्द हे त्यांच्याकडे ज्ञानाचं एक प्रमाणच आहे, आणि विश्वासू कोण तर ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलीय आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात पुढे हेही येतं की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे जात-कुळी बघायची नाही, पण याला माहिती कशी आणि याला खोटं सांगण्यात फायदा आहे का हे बघायचं. मला ही मांडणी पोस्टरपेक्षा कितीतरी कामाची वाटते.

कापसाचं बघा. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, देशात 2002 साली परवानगी मिळाली आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातली कपाशी पोखरून काढली, जळगाव-धुळ्याकडेही बोंडं फोडली की आत अळी. त्या वर्षी कुठल्याही कृषी केंद्राच्या बाकड्यावर असं काहीतरी ऐकू यायचं. कंपनीचा माणूस दोन गोष्टी सांगून गेलेला असायचा, एक म्हणजे आमच्या प्लॉटवर मी स्वतः बघितलं, अळी नाही, आणि दुसरी म्हणजे तुम्ही पाकिटासोबतचं बिगरबीटी बियाणं लावलं नाही म्हणून अळीला बीटीची सवय झाली. त्यावर आबा म्हणणार, “त्याले कमिशन भेटतं, तो वाईट कसं सांगीन?” आणि पुण्याहून आलेला पुतण्या म्हणणार, “आबा, असं नाही चालत, माणूस सोडा, मुद्दा बघा.”

दोघंही अर्धे बरोबर. प्लॉटवर अळी नाही ही साक्ष आहे, तिला आधार फक्त त्या माणसाचा शब्द, मग कमिशनचा प्रश्न विचारायलाच पाहिजे, कोर्टातही साक्षीदाराला असंच तपासतात. दुसरी गोष्ट मात्र युक्तिवाद आहे आणि तो कमिशनवाल्याने सांगितला म्हणून खोटा पडत नाही. 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी यायचं, ते कडेने लावायचं म्हणजे तिथे साध्या अळ्याही जगतात, बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. किती तरी जणांनी ते पाकीट बांधावर फेकून दिलं, वर फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून पुन्हा पीक घेतलं, म्हणजे अळीला वर्षभर खायची सोय. हे तपासायला कंपनीच्या माणसावर विश्वास ठेवायची गरजच नाही. आणि ‘बीटी आलं मग अळी आली, म्हणजे बीटीनेच अळी आणली’ हा तिसरा सूर तर वेगळाच, आधी काय आणि नंतर काय यावरून कारण ठरवण्याचा.

हाच सूर सातपुड्यात जिवावर बेततो. नंदुरबारच्या डोंगराळ भागात बाई घरी येऊन गेली आणि नंतर पोर आजारी पडलं, एवढ्यावर तिला डाकीण ठरवल्याच्या घटना झाल्यात. 2013 साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, आधी ऑगस्टमध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाची मंजुरी, त्यात असे आरोप करून कुणाला छळणं गुन्हा ठरलं.

आणि मग 1 जुलै 2018. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला रविवारचा बाजार होता, भिक्षा मागत फिरणारे पाच जण मुलं पळवणारे समजून ठार मारले गेले. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्याआधी सगळीकडे फिरत होते. त्या काळात देशभर गाजलेला एक व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेबद्दलच्या जाहिरातीचा होता, शेवटी मूल परत सोडतात आणि संदेश येतो तो तुकडाच कापलेला. यात मुद्दा बघा म्हणून काय बघणार? मुद्दा नव्हताच, फक्त खबर होती, आणि खबर देणारा कुणीच नव्हता. ‘कोण म्हणतो? त्याने बघितलं का?’ हे आबांचे प्रश्न तिथे लागू होते, आणि आपण पोरांना शिकवत होतो की माणसाकडे बघू नका.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्डेडचा शिक्का आणला, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा जाहीर केली, आणि एप्रिल 2020 पासून खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा मेसेजवरचा दोन बाणांचा शिक्का मेसेज बराच फिरलाय हे सांगतो, पहिल्यांदा कुणी लिहिला ते सांगत नाही. आमच्याकडे तर काही जण तो शिक्का दाखवूनच पटवायला बघतात, इतक्या लोकांनी पाठवलाय भो, काहीतरी असल्याशिवाय का.