कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे टाकूनही पाणी का अडतं?

जून जवळ आला की कुंड्या भरण्याचे रील्स सुरू होतात आणि जवळजवळ प्रत्येकात तेच असतं, आधी तळाला दोन-तीन इंच विटांचे तुकडे नाहीतर खडी, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग माती, म्हणजे पाण्याचा निचरा मस्त होतो म्हणे. नर्सरीवालेही हेच सांगतात आणि आपल्याला ते पटतंही, कारण खडीतून पाणी भसाभसा खाली जाताना आपण कायम बघतो. पण खडीतून पाणी जातं का हा प्रश्नच नाहीये, मातीत असलेलं पाणी खडीत उतरतं का हा खरा प्रश्न आहे. आणि ते सहजासहजी उतरत नाही. का उतरत नाही हे मला बागकामातलं सगळ्यात सुंदर भौतिकशास्त्र वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेत केशाकर्षण शिकलेलो असतो आपण. बारीक काचेची नळी पाण्यात उभी धरली की पाणी आपोआप वर चढतं, नळी जितकी बारीक तितकं जास्त वर. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत साधारण ३ सेंटिमीटर, आणि ०.१ मिलिमीटरच्या नळीत तब्बल ३० सेंटिमीटर. जेम्स जुरिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७१८ च्या सुमारास हा हिशोब मांडला, आजही त्याला जुरिनचा नियम म्हणतात. आता मातीच्या कणांमधल्या पोकळ्या बघा, त्याही वाकड्यातिकड्या, एकमेकींना जोडलेल्या बारीक नळ्याच आहेत. कुंडीला पाणी घातलं की गुरुत्वाकर्षण पाणी खाली ओढतं आणि या पोकळ्या ते धरून ठेवतात. वरच्या भागात गुरुत्वाकर्षण जिंकतं कारण तिथल्या पाण्याला खाली ओढणारा पाण्याचा उंच सलग स्तंभ त्याच्या खाली असतो. तळाशी मात्र भोक आलं की मातीच संपते, खाली नुसती हवा, आणि हवेत पाण्याला ओढून घेणाऱ्या पोकळ्या नाहीत. मग तळाचा काही सेंटिमीटरचा थर चिंब राहतो, भोक कितीही मोठं असलं तरी. मृदाशास्त्रात याला पर्च्ड वॉटर टेबल म्हणतात, म्हणजे जमिनीखालच्या भूजलाची पातळी असते तशीच एक पातळी, पण कुंडीत अधांतरी अडकलेली.

हे बघायचं असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता न पिळता तोच स्पंज उभा करा, परत पाणी गळायला लागतं! स्पंज तोच, छिद्रं तीच, फक्त उंची वाढली. चिंब थराची जाडी ठरते ती पोकळ्यांच्या आकारावरून, म्हणून आडव्या स्पंजात तो थर जवळजवळ सगळा स्पंज व्यापतो आणि उभ्यात फक्त खालचा भाग.

आता खडीकडे या. दोन खड्यांमधली पोकळी समजा ५ मिलिमीटरची आहे, तर तिची ओढ जेमतेम ६ मिलिमीटर पाण्याची, आणि वरची माती कितीतरी जास्त जोराने पाणी धरून बसलेली. त्यामुळे खडीला टेकलेली माती जवळपास पूर्ण चिंब होईपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या वॉल्टर गार्डनर यांनी १९५९ मध्ये काचेच्या पेटीत मातीखाली जाड कणांचा थर ठेवून हे चक्क चित्रित करून दाखवलं होतं, पाणी त्या जाड कणांच्या थरापाशी येऊन थांबतं आणि आडवं पसरत जातं. म्हणजे तुम्ही चिंब थर घालवला नाहीत, तो उचलून वर मुळांपाशी आणून ठेवलात. १० इंची कुंडीत ३ इंच विटा गेल्या की माती उरली ७ इंच, आणि त्यातला खालचा भाग ओलाचिंब. थर किती जाड, खडे केवढे, माती कसली यावर थोडाफार फरक पडतो, कधी तो फायद्याचाही असतो, पण ज्या भरवशाने आपण विटा टाकतो तो भरवसा ठेवण्यासारखं त्यात काही नाही. शिवाय गच्चीवर उगाच वजन वाढतं ते वेगळंच.

चिंब मातीने बिघडतं काय, तर मुळांचा श्वास अडतो. मुळांनाही ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो, मुळात पाण्यात विरघळलेला असतोही फार थोडा. मुळं गुदमरली की पाणी शोषणं बंद होतं आणि पानं सुकल्यासारखी माना टाकतात, आपल्याला वाटतं तहानलंय, आपण अजून पाणी घालतो. पिथियमसारख्या मूळकुज करणाऱ्या रोगजंतूंचे बीजाणू तर पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात, त्यांना हवंच असतं हे.

इथे तुळशीबद्दल बोलायलाच हवं. तुळस वाळली की घरावर संकट येणार किंवा पाळीच्या वेळी कुणीतरी हात लावला असं अजूनही बोललं जातं आणि घरातल्या सुनेकडे, लेकीकडे बघितलं जातं. हे चूक आहे आणि क्रूर आहे. बऱ्याच सिमेंटच्या वृंदावनांना खाली भोकच नसतं, असलं तर बुजलेलं असतं, आणि घरातला जो तो सकाळी एकेक तांब्या ओततो. त्यात मंजिऱ्या खुडलेल्या नसतात, मग बी धरलं की तुळस अशीही म्हातारी होते. भोक मोकळं करा, मंजिऱ्या खुडा, कुणाच्या हाताचा काही संबंध नाही.

मग करायचं काय? निचरा तळाशी नाही तर सगळ्या मिश्रणात सुधारावा लागतो. नुसती काळी माती कुंडीत नकोच, तिच्यातले चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक, पोकळ्या त्याहून सूक्ष्म, पावसाळ्यात गाळ आणि उन्हाळ्यात भेगा. लाल माती, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड काहीतरी, म्हणजे चाळून बारीक काढून टाकलेला विटांचा चुरा, जाड वाळू, भाताचं तूस, पर्लाइटचे हलके पांढरे दाणे, असं साधारण समसमान घ्या. जाड माल मूठभर घालून भागत नाही, उलट तुरळक वाळूच्या फटी चिकणमाती भरून टाकते आणि दगडासारखं घट्ट होतं. म्हणजे त्याच विटा वापरायच्या, फक्त तळाला रचून न ठेवता फोडून मातीत मिसळायच्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी भरपूर धरतं, ते नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात वरदान पण कोकण-मुंबईच्या जुलैत तेच जास्त झालं तर त्रास, आपला पाऊस बघून प्रमाण ठरवा.

पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी, कारण स्पंजाचा प्रयोग. भोकावर माती अडवायला एक खापरीचा तुकडा किंवा शेडनेटची जाळी पुरते. पावसाळ्यात खालच्या ताटल्या काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. आणि जुन्या कुंडीची माती आत्ता बदलणं जमत नसेल तर एक युक्ती आहे, जाड सुती दोरी किंवा जुन्या कापडाची पट्टी ओली करून भोकातून काडीने तीन-चार इंच आत खुपसा आणि बाहेर वीतभर लोंबती ठेवा. दोरीतल्या केशनळ्या मातीला जोडल्या जातात आणि कुंडी जणू वीतभर उंच होते, अडकलेलं पाणी दोरीच्या टोकातून टपकायला लागतं. तेही करायचं नसेल तर जोराचा पाऊस थांबल्यावर कुंडी थोडा वेळ एका कडेवर तिरकी करून ठेवा, भोक खालच्या बाजूला येईल अशी, निघणारं पाणी बघून आश्चर्य वाटेल.