एम३ आणि ६-३२: आत गेला म्हणजे बसला असं नाही

सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडमध्ये एखादा तरी मुलगा स्वतः घडवलेल्या कॉम्प्युटर कॅबिनेटचा, म्हणजे बाहेरच्या डब्याचा, भाग काखोटीला मारून येतो. कुणी भांडी बाजारातून पितळी पत्रा आणून त्यावर हाताने जाळी कापलेली असते, कुणी सागवानाची चौकट बसवलेली असते. काम बघून जीव सुखावतो. आणि मग ठरलेलं वाक्य येतं: "काका, स्क्रू आत जातोय पण टाइट होत नाही." नाहीतर त्याच्या उलट: "दोन फेरे गेला आणि अडकला, आता निघतही नाही." दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतं. कॉम्प्युटरच्या डब्यात एम३ आणि ६-३२ अशा दोन जातीचे स्क्रू असतात, आणि मुलं दोघांना मिळून 'कॅबिनेटचा स्क्रू' म्हणतात. दुकानदारही तसंच म्हणतात, हे मला जास्त खटकतं.

एम३ तुम्हाला ठाऊक आहे. व्यास ३ मिमी, पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) ०.५ मिमी, टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्याराच्या) आधी २.५ चं ड्रिल. इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही केलं असेल तर हे हाताखालून गेलेलंच असतं, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

६-३२ हे अमेरिकी माप आहे आणि त्यातला ६ म्हणजे ६ मिमी नव्हे. तो नुसता क्रमांक आहे. तिकडच्या बारीक स्क्रूंचा व्यास काढायचा हिशोब असा: ०.०६० इंच, अधिक क्रमांक गुणिले ०.०१३ इंच. सहा नंबरला ०.१३८ इंच येतात, म्हणजे साधारण ३.५ मिमी. पुढचा ३२ म्हणजे एका इंचात ३२ आटे. २५.४ ला ३२ ने भागा, पिच येते ०.७९४ मिमी. हा एक आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं.

दोन जाती एका डब्यात आल्या कशा? १९८१ च्या आयबीएम पीसीपासून हे यंत्र अमेरिकी मापांत वाढलं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्सची, म्हणजे आजच्या मदरबोर्ड-कॅबिनेटची, मापं ठरवली तीही त्याच घरातली. त्यामुळे पॉवर सप्लायच्या पाठीचे चार स्क्रू, साडेतीन इंची हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्डाची पट्टी आणि बहुतेक कॅबिनेटांच्या बाजूच्या दारांचे हाताने फिरवायचे स्क्रू ६-३२ आहेत. अडीच इंची एसएसडी आणि जुने डीव्हीडी ड्राइव्ह एम३ वर आहेत. एम.२ एसएसडीची पट्टी बहुधा एम२ स्क्रूवर असते, तो एवढा बारीक की घोळ होत नाही. फॅनचे जाड काळे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.

डोक्यावरून ओळखायची सवय मात्र सोडा. सहा बाजूंचं डोकं म्हणजे ६-३२ आणि गोल डोकं म्हणजे एम३, हे पुष्कळदा खरं ठरतं. पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे, आणि नऊ स्क्रूंतला एक चुकला तरी त्रास होतोच. काळा की चंदेरी, याला तर काहीच अर्थ नाही.

आता खरा घोळ. विचारलं की सगळे म्हणतात, "एक जाड, एक बारीक." अर्ध्या मिलिमीटरचा फरक बोटांना लागतो, म्हणून तेवढाच मनात राहतो. मग विचार असा चालतो: बारीक स्क्रू जाड भोकात थोडा सैल बसेल, जरा जास्त आवळला की झालं. इथेच सगळं फसतं. फरक नुसता जाडीचा असता तर सैल बसला असता हे खरं. पण इथे फरक पिचचाही आहे, आणि पिच वेगळी असली की आटे एकमेकांत बसतच नाहीत, नुसते एकमेकांना टेकतात.

६-३२ चा टॅप मारलेल्या भोकात आट्यांच्या टोकांमधलं अंतर २.६४ ते २.९० मिमी असतं. एम३ स्क्रूचा बाहेरचा व्यास जेमतेम ३ मिमी. म्हणजे एम३ आत शिरतो तेव्हा त्याच्या आट्यांची फक्त शेंडी भोकाच्या आट्यांच्या शेंडीला लागते. स्क्रू किंचित तिरका होतो, एका बाजूला घासतो, आणि हाताला वाटतं की घट्ट होतोय. हा भास आहे. सोडा आणि बोटाने ओढून बघा, पुष्कळदा सरळ बाहेर येतो. आला नाही तरी फॅनच्या थरथरीने आठ-पंधरा दिवसांत सैल होतो. मदरबोर्डच्या मागे पडलेला लोखंडी स्क्रू म्हणजे शॉर्ट व्हायची तयारी, हे वेगळं सांगायला नको.

उलट बाजूला ६-३२ चा स्क्रू एम३ च्या भोकात जातच नाही. भोक बाहेरच्या आट्यापर्यंत ३ मिमी, स्क्रू ३.५. जोर लावला की तो स्वतःचा आटा कापत जातो. भोक मऊ पितळेचं असेल तर एम३ चे आटे सोलून निघतात, आणि लोखंडी पत्र्यात असेल तर स्क्रू अर्ध्यात जाम होऊन डोक्याची चौफुली घासून जाते.

ओळखायचं कसं? दोन स्क्रू शेजारी शेजारी धरा, आट्यात आटा घाला आणि खिडकीकडे करून बघा. एकाच जातीचे असतील तर करवतीचे दोन दात एकमेकांत रुतावेत तसे बसतात, मधून उजेड येत नाही. जात वेगळी असेल तर एखाददुसरा दात जुळतो, पुढचा दुसऱ्याच्या डोक्यावर चढतो आणि फटीतून उजेड दिसतो. एकटाच स्क्रू असेल तर ५ मिमी लांबीत आटे मोजा. एम३ वर दहा भरतात, ६-३२ वर सहाच्या जरा वर. चष्मा लावून एकदा मोजलंत की नंतर नुसत्या नखाने कळतं. ६-३२ वर नख टकटक अडतं, एम३ वर कानशीवरून फिरवल्यासारखं जातं.

हे सगळं सर्वात जास्त नडतं ते स्टँडऑफला, म्हणजे मदरबोर्डखालच्या पितळी खुंटाला. त्याला दोन टोकं असतात, आणि दोन्ही टोकांचे आटे एकाच जातीचे असतील असा नियम नाही. खालचं टोक ६-३२ आणि वरचं भोक एम३, असे खुंट सर्रास मिळतात. खालीवर ६-३२ असलेलेही मिळतात, खालीवर एम३ असलेलेही. तिन्ही दिसायला सारखे, पितळी, सहाकोनी, बहुतेक साडेसहा मिमी उंच. त्यात मदरबोर्डचं भोक जवळपास ४ मिमीचं असतं. त्यातून दोन्ही स्क्रू आरपार जातात, म्हणजे बोर्डाकडूनही काही कळायला मार्ग नाही.

गेल्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला होता. ३ मिमी अॅल्युमिनियमचा ट्रे त्याने घरी कानस मारून केलेला, कोपरे इतके सुबक की मी दोनदा हात फिरवला. नऊ भोकं, सगळ्यांना बाहेरून कुठूनतरी टॅप मारून आणलेला. बोर्ड काढायला गेला की स्क्रूबरोबर खुंटच फिरून वर यायचा. बोर्ड मध्ये, खुंट खाली, वरून पकडायला जागा नाही.

मी विचारलं, "खालचा आटा कुठला आहे?"

"काका, स्टँडऑफचा."

"स्टँडऑफचा असा आटा नसतो रे. बघू."

ट्रेच्या मागून पाहिलं. टॅप ६-३२ चा होता. खुंट त्याने नंतर वेगळे आणलेले, खालीवर एम३. म्हणजे एम३ चं टोक ६-३२ च्या भोकात टेकून उभं होतं, आणि वर एम३ स्क्रू एम३ भोकात नीट आवळलेला. वरचा जोड खरा, खालचा खोटा. पाना फिरवला की आधी खोटा जोडच सुटणार. त्याला वाटत होतं, खुंटाला गोंद कमी पडला. दोन भोकांत त्याने खरंच गोंद घातला होता. आट्याला गोंद हा उपाय नाही. सुटू नये म्हणून थ्रेडलॉक लावतात ते आटे जुळल्यावर, जुळत नाहीत म्हणून नव्हे.

आपल्याकडे यात तिसरा एक येऊन मिसळतो. हार्डवेअरच्या दुकानात "तीन एमएम द्या" म्हटलं की जुना माणूस सवयीने एक सुताचा स्क्रू काढून देतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी, आणि त्यावर बहुधा व्हिटवर्थचे (जुन्या इंग्रजी मापाचे) इंचाला ४० आटे, म्हणजे पिच ०.६३५. त्याच्या आट्याचा कोनच ५५ अंशाचा, तर एम३ आणि ६-३२ दोघांचा ६०. नटसकट घेतलात तर पंखा-दिव्याच्या कामाला चांगला स्क्रू आहे. कॅबिनेटमध्ये तो कुणाशीच जमत नाही. "एम३, पिच पॉइंट पाच" असं पूर्ण बोला आणि घरून एक नमुना घेऊन जा.

मग स्वतः घडवलेल्या भागात आटे कुठले मारायचे? माझं मत पक्कं आहे: जिथे ठरवणं तुमच्या हातात आहे तिथे सगळीकडे एम३. कारण पत्र्याची जाडी. ३ मिमीच्या पट्टीत एम३ चे सहा आटे बसतात, ६-३२ चे चारही पुरे होत नाहीत. २ मिमीमध्ये एम३ चे चार, ६-३२ चे अडीच. कंपनीच्या कॅबिनेटचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही कमी असतो, म्हणून तिथे भोक दाबून मागे छोटी नळी काढतात आणि तिच्यात आटे पाडतात. घरी ते जमत नाही, आपल्याला सपाट पत्र्यातच भागवायचं असतं. शिवाय एम३ चा टॅप, थ्रीडी प्रिंटमध्ये तापवून घालायची पितळी बुशं, वेगवेगळ्या लांबीचे अॅलन बोल्ट, सगळं सहज मिळतं. ६-३२ चा टॅप नाशकात चार दुकानं फिरल्यावर मिळाला तर मिळतो. तो मोडतोही लवकर, कारण अंग बारीक आणि कापायचा आटा खोल. ६-३२ मजबूत असतो म्हणून वापरा, हा सल्ला मला पटत नाही. कॅबिनेटमध्ये स्क्रू तुटून काही पडत नाही, आटे कमी पडून पडतं.

दोन्हीपैकी कुठलाही टॅप मारताना अॅल्युमिनियमवर थोडं रॉकेल सोडा, एक फेरा पुढे गेलात की अर्धा मागे या, आणि टॅप उभा आहे का ते गुण्या लावून दोन बाजूंनी बघा. ६-३२ साठी ड्रिल २.८ चं घ्या.

आणि जिथे आटे समोरच्या वस्तूत आहेत तिथे तुमच्या पत्र्याला टॅप मारायचाच नाही. पॉवर सप्लायला आटे त्याच्या स्वतःच्या डब्यात आहेत. तुमच्या मागच्या पत्र्याला फक्त ४ मिमीचं मोकळं भोक हवं. हौसेने दोन्हीकडे आटे पाडले तर स्क्रू दोन्ही पत्रे एकमेकांकडे ओढतच नाही, मधली फट आहे तशी राहते, कितीही आवळा. पितळी पत्रा वाकला तो याच कारणाने, अशी कामं मी दोनदा सरळ करून दिलीत.

चुकून बसलेलं दुरुस्त कसं करायचं, तर एका दिशेने सोपं आहे. एम३ मारलेलं भोक २.८ ने मोठं करून त्यावर ६-३२ मारता येतो. आटे थोडे उथळ येतात, पण हार्ड डिस्कच्या पट्टीला वगैरे चालून जातं. ६-३२ मारलेलं भोक परत एम३ होत नाही. ते ३.३ ने साफ करून एम४ मारायचा, नाहीतर मागून नट लावायचा.

त्या मुलाच्या ट्रेला यातलं काही करावं लागलं नाही. ट्रेचे आटे चांगले होते, चुकले होते ते खुंट. माझ्या डब्यात खाली ६-३२ आणि वर एम३ असलेले साडेसहा मिमीचे सात निघाले, दोन त्याने नंतर आणले. गोंदाची दोन भोकं गरम करून साफ केली, टॅप एकदा हाताने फिरवून घेतला. पहिला खुंट बोटांनीच पार तळापर्यंत गेला आणि कॉलर ट्रेला टेकल्यावर थांबला, तेव्हा तो म्हणाला, "काका, हा आवाजच वेगळा आहे." मग त्याने मार्करने ट्रेच्या मागे, प्रत्येक भोकाशेजारी, ६-३२ असं लिहून घेतलं.