गोळी कुठून भरतात ते बघा

अमेरिकेतल्या काउबॉयांचा वेस्टर्न चित्रपट लागला की माझा अंगठा रिमोटच्या पॉझवर असतो आणि घरचे वैतागतात. नायकाने घोड्यावरून उडी मारली, कमरेचं रिव्हॉल्व्हर उपसलं, आणि नेमकं तिथेच मी चित्र थांबवतो. मला त्याचा चेहरा बघायचा नसतो. त्याच्या हातातलं हत्यार त्या काळातलं आहे का, हे बघायचं असतं.

बंदुकांचे आकडे आणि मॉडेलं पाठ असण्याची गरज नाही. एकच प्रश्न विचारायचा: हिच्यात गोळी भरतात कुठून? बहुतेक वेळा कथेचा काळ आणि बंदुकीचा काळ जुळतो की नाही, ते तेवढ्यावर कळतं.

कोकणात ज्यांचं आजोळ आहे त्यांना ठासणीची बंदूक ठाऊक असेल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, मागे केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवायची. सॅम्युअल कोल्टचं 1851 सालचं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर म्हणजे अशा सहा ठासणीच्या बंदुका एका फिरत्या सिलिंडरमध्ये. प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती आत दाबायची. मागच्या बाजूला प्रत्येक घराच्या बोंडीवर एक तांब्याची केप. केपेत पाऱ्याचं फल्मिनेट असे. बंदुकीचा घोडा आपटला की ते भडकायचं. दिवाळीत दगडाने टिकली फोडतो तीच युक्ती, रसायन तेवढं निराळं. सहा घरं भरायला काही मिनिटं जात. म्हणून पडद्यावर नळीखाली बिजागरीचा दांडा दिसला, सिलिंडरच्या वर लोखंडी पट्टी नसली आणि नळी अष्टकोनी असली, तर ते बहुधा ‘नेव्ही’. जवळून दाखवलंच तर सिलिंडरवर कोरलेली जहाजं शोधा. टेक्सासच्या आरमाराची 1843 मधली लढाई आहे ती. ‘नेव्ही’ हे नावही तिथूनच आलं.

वेस्टर्न म्हटल्यावर जे रिव्हॉल्व्हर डोळ्यांपुढे येतं ते मात्र हे नव्हे. ते 1873 चं कोल्ट, लोकांच्या तोंडी ‘पीसमेकर’. त्यात दारू, केप आणि गोळी एकत्र असलेलं पितळी काडतूस मागून जातं. उजव्या बाजूची छोटी झडप उघडायची, एकेक काडतूस सरकवायचं, आणि रिकामी पुंगळी नळीलगतच्या दांडीने ढकलून बाहेर काढायची.

मग कोल्टने 1873 पर्यंत वाट का पाहिली? काडतूस तर आधीच होतं. कारण वकिली आहे. सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरायची कल्पना रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने 1855 मध्ये पेटंट करून ठेवली होती आणि तिचा हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीकडे होता. त्यांची छोटी काडतुसी रिव्हॉल्व्हरं 1857 पासून विकली जात होती. बाकीच्यांनी 1869 मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत पुढूनच ठासत बसायचं. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ते 1865. त्यामुळे त्या युद्धातल्या सैनिकाच्या कमरेला पीसमेकर दिसलं, तर आठ ते बारा वर्षांची चूक तिथेच हाती लागते.

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा 1966 चा इटालियन चित्रपट याचा मासला आहे. गोष्ट यादवी युद्धाच्या ऐन मध्यातली. क्लिंट ईस्टवुडच्या हातात 1851 चं नेव्ही आहे, काळाला शोभेल असं. पण नीट बघा: ते मागून काडतूस घेणारं, बदल केलेलं आहे. जुन्या कोल्टमध्ये असे बदल कारखान्यात होऊ लागले ते 1871 च्या सुमारास. नळीखालचा दांडा मात्र तसाच ठेवलेला, म्हणून पटकन कळत नाही. इटलीच्या गार्डोने व्हॅल ट्रोम्पिया गावात उबर्टी वगैरे मंडळी 1950 च्या दशकाअखेरीपासून जुन्या कोल्टच्या प्रतिकृती बनवत होती. त्यामुळे तिथल्या निर्मात्यांना निदान योग्य आकाराचं हत्यार तरी हाताशी होतं.

रायफलींचं कोडं मला जास्त आवडतं. 1860 च्या हेन्री रायफलीला नळीखाली लाकूड नाही आणि ती भरायची पुढून, नळीखालच्या नळकांड्यात. 1866 ला विंचेस्टर कंपनीने कुशीत झडप दिली आणि पुढे लाकूड आलं. पितळेसारख्या पिवळ्या अंगामुळे ती ‘यलो बॉय’ झाली. 1873 च्या मॉडेलचं अंग लोखंडी, बाजूला काढता येणारी पट्टी, माथ्यावर सरकतं झाकण. आणि 1892 चं मॉडेल जॉन ब्राउनिंगने आखलेलं: आटोपशीर, बाजू सपाट, वर झाकण नाही. पडद्यावर 1870 सालातही हीच 1892 वाली दिसते. ‘स्टेजकोच’ या 1939 च्या चित्रपटात जॉन वेन ज्या मोठ्या कडीच्या रायफलीला गर्रकन फिरवतो, ती हीच. गोष्ट मात्र 1880 च्या सुमाराची. एवढ्यावर भागलं नाही तर पुढचं लाकूड काढून, अंगाला सोनेरी रंग फासून तिलाच हेन्री म्हणून उभं केलं जाई. लबाडी खरी, पण त्यामागचं डोकं मानलं पाहिजे.

हे घडतं कारण चित्रीकरणात गोळी नव्हे, तर आवाजाचं पोकळ काडतूस उडवायचं असतं. हॉलिवूडमध्ये असं एकच काडतूस तीन जातींच्या रिव्हॉल्व्हरांत आणि दोन जातींच्या रायफलींत चालायचं, म्हणून त्याचं नावच ‘फाइव्ह-इन-वन’. शंभर घोडेस्वारांच्या दृश्यात प्रत्येक बारानंतर दारू ठासत कोण बसणार? म्हणून मागून भरता येणारं हत्यार हवं. गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी जुनी बंदूक दाखवायची असली तरी पुष्कळदा 1873 ची स्प्रिंगफील्ड रायफल घ्यायचे आणि तिला गारगोटीचा खोटा घोडा लावायचे. बार उडाल्यावर शिपायाने मागचं झाकण वर उघडलं, की सोंग संपलं.

धूरही बघण्यासारखा असतो. तेव्हाची काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन वायू होतच नाही, बारीक घन कणांच्या रूपात उरतं, आणि तोच तो पांढरा लोट. बिनधुराची दारू पॉल व्हिएयने फ्रान्समध्ये 1884 ला केली. अमेरिकेत शिकारी रायफलींची तशी काडतुसं 1895 च्या आसपास दुकानात आली. अॅरिझोनातल्या टूम्बस्टोन गावी ओ.के. कोरलजवळच्या गाजलेल्या गोळीबारात 26 ऑक्टोबर 1881 ला सुमारे तीस सेकंदांत तीसेक बार झाले, तेही काळ्या दारूचेच. बंद सलूनमध्ये सहा जण गोळ्या झाडताहेत आणि दुसऱ्या भिंतीवरची बाटल्यांची फडताळं लख्ख दिसताहेत, असं दृश्य आलं की मी पॉझ दाबतो. घरचे तोवर चहा टाकायला उठलेले असतात.