‘मुळं खोल असतात, सिमेंटनं काही होत नाही’: खरंच?

नागपुरात घरापुढे गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवताना हे हमखास ऐकू येतं: “कडुनिंब जुना आहे, मुळं पार खोल गेलीत. बुंध्यापर्यंत सिमेंट केलं तरी काही होत नाही.”

होतं, आणि बरंच होतं. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात; ती आडवी, फांद्यांच्या घेरापलीकडे पसरतात. वादळात उन्मळलेलं झाड जवळ जाऊन बघा. वर आलेली असते ती मुळांची पसरट थाळी. या मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो. वर काँक्रीट आलं की पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, आणि शेंडे वाळू लागतात. हे व्हायला वर्षं लागतात, म्हणून सिमेंटवर कुणाचा संशयच जात नाही. याचं फार वाईट वाटतं.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या आपल्या गावात निदान तेवढी माती मोकळी हवीच. फक्त त्यासाठी ब्रेकर मशीन लावू नका, मुळं तुटतात. गट्टू हातानं उचला, सिमेंट छिन्नीनं फोडा. मग पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका.